अप्पांची ट्रंक मोडीत घालताना काही वाटलं नाही, पण गाडी विकायची म्हटली की झोप उडते. असं का होतंय?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. जरा लांबडं होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. घर कौलारू, मातीच्या भिंती, दरवर्षी मिरगाच्या आधी कौलं शेकारायची आणि तरी चार ठिकाणी पातेली मांडायची. यंदा दिवाळी झाल्यावर पाडलं आणि स्लॅबचं काम काढलं. सामान सगळं गोठ्यात ताडपत्रीखाली, आम्ही शेजारी चुलत्यांच्या दोन खोल्यांत. मी बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर असतो, रोज येऊन जाऊन करतो.

गेल्या रविवारी मोडवाला टेम्पो घेऊन आला. नव्या घरात जुनं काही बसणार नाही म्हणून मी एकेक बाहेर काढून देत होतो, मोडका पाट, पंप, पत्रे, आणि त्यात अप्पांची ट्रंक. अप्पा म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीत होते, भरती आणि ट्रेनिंग इथंच बेळगावच्या सेंटरला, मग सतरा वर्षं देशभर. जाऊन तीन वर्षं झाली. ट्रंक काळी, पत्र्याची, दोन्ही बाजूंना कड्या, झाकणावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरांनी नंबर, रँक आणि नाव. मोडवाल्यानं उचलून बघितली, साडेतीनशे म्हणाला, मी म्हटलं घे. खरंच सांगतो, काही वाटलं नाही. टेम्पोत चढली सुद्धा. तेवढ्यात आई मागनं आली, "ते कुठं नेऊलास?" एवढंच म्हणाली. मोडवाल्यानं आपणहून खाली उतरवून ठेवली.

आता दुसरी गोष्ट. माझी बुलेट आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतली, साडेसात हजार महिना, अजून पंधरा हप्ते राहिलेत. सळी सिमेंटचा खर्च हाताबाहेर चाललाय, मध्ये ओव्हरटाइम कमी झाला तेव्हा दोन हप्ते चुकले आणि फायनान्सवाल्याचे फोन कामावर असताना यायला लागले. नंदगडचा एक जण गाडी घ्यायला तयार आहे. विकली तर हप्ता सुटतो आणि वर थोडे हातात येतात. हिशेब सरळ आहे. पण विकायची म्हटली की पोटात गोळा येतो, रात्री दोन दोन वाजेपर्यंत झोप नाही.

का ते मला थोडं माहीत आहे. टिळकवाडीतल्या एका कार्यालयात पाहुण्यांचं लग्न होतं, मी जुन्या स्प्लेंडरवर गेलेलो, वॉचमननं गेटवरच अडवून मागच्या गल्लीत लाव म्हणून हाकललं. पुढच्या वर्षी त्याच कार्यालयात बुलेटवर गेलो तर तोच माणूस "साहेब, इथं सावलीला लावा". अंगावर शर्ट पण बहुतेक तोच होता. त्या दिवसापासून मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागलं, आणि आता गाडी गेली की परत मागच्या गल्लीत, असंच डोक्यात बसलंय.

बापाची आयुष्यभराची वस्तू साडेतीनशेला सुटते आणि अजून पुरती माझी पण न झालेली गाडी सुटत नाही. हे माझंच असं झालंय की सगळ्यांचं असतं? गाडी विकू का हा प्रश्न नाही, विकावी लागणारच. मला हे समजून घ्यायचंय.

कंग्राळीकर

ट्रंक देऊ नको भावा. गंज धरला असेल तर पॉलिश पेपरनं घासून आतनं रेड ऑक्साईडचे दोन हात मार, बाहेरच्या नावाला हात लावू नको. आमच्या घरात दोन आहेत अशा, पन्नास वर्षांत एकीचा पत्रा फुटलेला नाही.

भांडीवाली_अक्का

दादा, आमचं भांड्यांचं दुकान आहे खडेबाजारच्या बाजूला, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. मोड आणि नवी भांडी दोन्ही बघते त्यामुळं तुमचं वाचून राहवलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानात एक माणूस फक्त नावं घालायला बसलेला असायचा. आधी छिन्नी हातोडीनं ठिपके ठिपके, मग ते करंटवरचं पेन आलं, थरथरतं आणि कानात किर्र आवाज. लग्नसराईत त्याला मान वर करायला सवड नसायची. परातीवर, कळशीवर, तांब्यावर, "चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट" आणि खाली तारीख. बायका उभ्या राहून बघायच्या, अक्षर चुकलं तर भांडायच्या. घरात वीस भांडी असली तरी कुठलं कुणी दिलं ते पालथं करून वाचता यायचं.

आता गिऱ्हाईक काय म्हणतं माहीत आहे का, "नाव घालू नका, बॉक्स पण फोडू नका." म्हणजे पुढं दुसऱ्याच्या लग्नात तेच देता येतं. डिनर सेट तर असे फिरतात की आमच्याच दुकानातला सेट तीन वर्षांनी आमच्याच घरच्या वास्तुशांतीला आलेला मी बघितलाय, बॉक्सवर आमचीच चिठ्ठी. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. वस्तू आली पण तिच्यात कुणी माणूसच आलं नाही.

आणि मोडीचं सांगते. एक आज्जी तांब्याचा बंब घेऊन आल्या होत्या, उचगावकडच्या. तांब्याला भाव बरा होता, वजन केलं, बुडाच्या लोखंडी जाळीची आणि काट्याची वजावट केली, पैसे सांगितले, त्या हो म्हणाल्या. मग म्हणतात, "बाई, आधी ते नाव तेवढं खरवडून दे." नाव त्यांच्या बापाचं होतं. मी म्हटलं आज्जी वितळणारच आहे की भट्टीत, नाव काय अन् काय. तर म्हणाल्या, "वितळंल तवा वितळंल, तोवर तुमच्या दुकानात उघड्यावर पडू दे नको." आम्ही खरवडून दिलं, त्या उभ्या होत्या शेवटपर्यंत.

तुम्हाला ट्रंकेचं काही वाटलं नाही म्हणता ते मला पटत नाही. वाटलं नसतं तर रविवारची गोष्ट आज इतकी लिहिली नसती. आणखी एक, पितळेचं तांब्याचं काही असेल तर दारावरच्या मोडवाल्याला देऊ नका, बाजारात दोन ठिकाणी वजन करून घ्या, फरक पडतो.

जांबोटी_रोड

अक्का, एक पितळी हंडा आणि घंगाळ आहे, घंगाळाला नाव आहे आज्जीच्या माहेरचं. ते देणार नाही. तुमचं वाचून ताडपत्री उचलून बघून आलो.

निपाणीचा_मास्तर

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुम्ही विचारलंय त्यावर सव्वाशे वर्षं लोकांनी डोकं घातलंय, त्यामुळं तुमच्यात काही बिघडलंय असं मनात आणू नका.

विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्येच लिहून ठेवलं की माणूस ज्याला ज्याला माझं म्हणतो त्या सगळ्याची बेरीज म्हणजे त्याचा 'मी', त्यात शरीर आलं, बायकापोरं आली, कपडे, घर, जमीन, घोडे सगळं आलं. १९८८ मध्ये रसेल बेल्क यानं तेच पुढं नेलं आणि दाखवलं की चोरी झाली, आग लागली की लोक नुसत्या पैशाच्या नुकसानीसारखं बोलत नाहीत, आपल्यातलंच काही ओरबाडून नेल्यासारखं बोलतात. तुमच्या पोटातला गोळा हा तो.

मग ट्रंकेला गोळा का आला नाही? माझं मत सांगतो. ट्रंक ही अप्पांच्या 'मी'चा भाग आहे, तुमच्या नाही. आणि फौजेत तर ती गोष्ट आणखी मोठी. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये बराकी, तुरुंग, वेड्यांची इस्पितळं यांच्याबद्दल लिहिलंय, की आत घेताना आधी माणसाच्या स्वतःच्या वस्तू काढून घेतात, केस कापतात, सगळ्यांना एकसारखं देतात, म्हणजे घरून आणलेला माणूस बाजूला राहतो आणि संस्थेचा माणूस तयार होतो. आता विचार करा, खानापूरच्या रानातलं अठरा वीस वर्षांचं पोर, अंगावर सगळ्यांसारखी वर्दी, सगळ्यांसारखं ताट मग, सगळ्यांसारखी खाट, आणि त्या लांबलचक बराकीत माझी म्हणून ओळखायला एक काळी पेटी, तिच्यावर नाव. सतरा वर्षं. ती पेटी उघडून तुम्ही कधी नीट बघितलीय का? बघा.

गाडीचं उलटं आहे. १८९९ मध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेननं दाखवण्यासाठीच्या खर्चाचा मुद्दा मांडला, म्हणजे वस्तू वापरासाठी कमी आणि चार लोकांत आपली पायरी सांगण्यासाठी जास्त. तुमच्या वॉचमननं तुम्हाला तो अख्खा सिद्धांत गेटवर शिकवला. हप्त्यानं तर हे आणखी घट्ट होतं, कारण रोकडीची गाडी ही झालेल्या कमाईची असते, हप्त्याची गाडी ही उद्या आपण कोण होणार त्याची असते. ती विकणं म्हणजे तो उद्याचा माणूस परत करणं. म्हणून जड जातंय.

एक सावध करतो, नवं घर आहे म्हणून. फ्रान्समध्ये दिदरो नावाचा लेखक होता, त्याला एक भारी लाल झगा मिळाला, घरात घालायचा. झगा इतका सुंदर की त्याच्यापुढं जुनी साधी खुर्ची वाईट दिसायला लागली, ती बदलली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं, करता करता अख्खी खोली बदलली आणि १७६९ मध्ये लिहून बसला की जुन्या झग्याचा मी धनी होतो, नव्याचा चाकर झालो. पुढं १९८० च्या दशकात ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञानं याला दिदरोचंच नाव दिलं. स्लॅब पडला की टाइल्स, टाइल्स पडल्या की सोफा, सोफा आला की जुना टीव्ही डोळ्यांत खुपतो, आमच्या निपाणीत मी हे दहा घरांत तरी बघितलंय. नव्या घरात जुनं काही बसणार नाही हे तुमचं वाक्य पहिल्याच पोस्टमध्ये आहे, ते परत वाचा.

पुणे_व्हाया_निपाणी

मास्तर तुमच्याबद्दल आदर आहे, पण दाखवण्यासाठी खर्च हा शब्द वाचला की मला त्रास होतो म्हणून लिहितोय. ज्यांच्याकडं पिढ्यानपिढ्या वस्तू होत्या त्यांना साधेपणा सांगायला सोपं जातं.

माझ्या आज्ज्याला गावातल्या वरच्या गल्लीतनं जाताना चप्पल हातात घ्यायला लागायची. पायात घालायची वस्तू हातात. गरीब होता म्हणून नाही, चप्पल होती त्याच्याकडं, स्वतःच्या पैशाची. कुठली वस्तू कुणी वापरायची, कुठलं लुगडं कसं नेसायचं, भांडं कशाचं असायचं, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं आणि त्यावरनं लांबूनच माणूस ओळखू यावा अशी व्यवस्था होती. म्हणजे वस्तूवरनं ओळख ही काय मॉलनं आणलेली गोष्ट नाही, आमच्यावर ती आधीपासून लादलेलीच होती. बाबासाहेब १९२५ साली परिषदेसाठी आमच्या निपाणीत आलेले हे इथं बऱ्याच जणांना माहीत असेल. दोन वर्षांनी, १९२७ च्या डिसेंबरमध्ये, महाडला त्यांनी बायकांना वेगळं बोलावून सांगितलं की जात सांगणारी लुगडं नेसायची पद्धत सोडा, अंगावरचे ते जड दागिने सोडा, नीटनेटकं राहा. बायकांनी तिथल्या तिथं नेसणं बदललं असं आमच्यात आज पण सांगतात. आता त्या लुगड्याला कुणी दिखावा म्हणणार का?

माझी आई विड्या वळायची. हजाराला इतके असा दर. संध्याकाळी टोपली घेऊन कारखान्यात जायचं, तिथं बसलेला माणूस मूठभर उचलून बघायचा, आवडल्या नाहीत की छाट म्हणून बाजूला, त्याचे पैसे नाहीत. आणि उशीर झाला की मनगटावरचं घड्याळ बघून म्हणायचा, उद्या ये. आईला घड्याळ कळायचं, पण तिच्याकडं नव्हतं, त्यामुळं तो म्हणेल ती वेळ. मी पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या पगाराचं काय आणू म्हणून विचारलं, वाटलं साडी म्हणेल, म्हणाली मनगटी घड्याळ आण. आणलं, बारकं, सोनेरी पट्ट्याचं. आता विड्या सोडून किती वर्षं झाली, गुडघे गेलेत, घरातनं बाहेर पडत नाही, तरी सकाळी अंघोळ झाली की आधी घड्याळ बांधते. सेल संपला तर दोन दिवस पण थांबत नाही, फोन करते.

म्हणून जांबोटीवाले भाऊ, वॉचमननं साहेब म्हटलं त्याची लाज बाळगू नका. पहिल्या वेळी हाकललं ती त्याची चूक होती, तुम्हाला मान हवासा वाटला ही तुमची चूक नाही. मला फक्त तो हप्ता खटकतो. मान मिळवायला दर महिन्याला साडेसात हजार भरायला लागत असतील तर तो फायनान्सवाल्याचा मान झाला, आणि तोच माणूस कामावर फोन करून तो काढून पण घेतोय बघा.

निपाणीचा_मास्तर

तुमचं बरोबर आहे. व्हेब्लेन श्रीमंतांकडं बघून लिहीत होता, मी ते सरसकट लावलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

चिकोडीची_माहेरवाशीण

माझं माहेर चिकोडीकडं, घरात मराठी, शाळा सगळी कन्नड, आता बेळगावात शहापूरला असते. शाळेत बसवण्णांची वचनं पाठ करायला असायची. त्यातल्या एकात ते म्हणतात की ज्यांच्याकडं आहे ते देवळं बांधतील, मी गरीब काय बांधू, माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, आणि शेवटी, स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही. बाराव्या शतकातलं आहे हे. मला लहानपणी वाटायचं की हे आमच्या बाबांच्या खरेदीखतातले शब्द आहेत, कारण तिथं पण स्थावर जंगम मिळकत असं लिहिलेलं असतं. खतात दोन्ही मालमत्ताच, वचनात जंगम म्हणजे चालता बोलता माणूस. एकच शब्द, आणि दोन भाषांत मोठं झाल्यामुळं मला दोन्ही ऐकू येतात, गाडीला जंगम मालमत्ता म्हणतात तेव्हा हे हटकून आठवतं.

दुसरं, आपल्या भागातलं. माझा भाचा अकरावीत आहे, राजमुद्रेचा हुडी, गाडीला भगवं स्टिकर, मोबाइलच्या कव्हरवर महाराज, हातात कडं. बाराशे रुपयांच्या हुडीसाठी घरात दोन दिवस जेवला नाही. त्याची मावशी म्हणून मी रागावले, पण नंतर विचार केला, जिथं पाट्यांवर साठ टक्के जागा कुठल्या भाषेला हे कायद्यानं ठरतं, दाखला उतारा दुसऱ्या लिपीत हातात पडतो, तिथं पोरगं आपण कोण हे अंगावर घालूनच सांगणार. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की तो मराठी लिहिताना अडखळतो आणि ते कुणी त्याला दुकानात विकत देत नाही. आता रोज रात्री अर्धा तास माझ्याकडं बसतो, पत्र लिहायला शिकवतेय. हुडी पण घेऊन दिला.

तुमच्या नव्या घराच्या दारावर पाटी कुठल्या भाषेत करणार? आमची दोन्हीत आहे, मराठी वर.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला, मधे स्लॅब पडला.

मास्तरांनी सांगितलं म्हणून ट्रंक रविवारी अंगणात घेतली. आत डांबराच्या गोळ्या, खाकी लोकरी जर्सी, दाढीचा गोल आरसा, आणि पोस्टाच्या पावत्यांचा गठ्ठा, मनिऑर्डरीच्या, दर महिन्याच्या, आईच्या नावानं. आई पण बसली होती. आरसा तिनं पदरानं पुसून घेतला आणि घरात घेऊन गेली.

मग कंग्राळीकर भाऊंनी सांगितल्यासारखं आतनं घासायला घेतलं. बाहेरच्या नावाला हात लावणार नव्हतो, पण कडेला रंगाचा पापुद्रा आपणच सुटत होता, त्याच्याखाली आणखी पांढरी अक्षरं दिसली. वेगळा नंबर, वेगळं नाव. आईला विचारलं तर तिला माहीत होतं. अप्पा नवीन होते तेव्हा एक हवालदार पेन्शनला निघालेला, सातारकडचा, त्यानं जाताना दिलेली, "पोरा, तुझं नाव घाल याच्यावर" म्हणून. पैसे घेतले नव्हते. अप्पांनी मला हे कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

जिन्याखाली मिस्त्रीला तीन फुटांची जागा सोडायला सांगितलीय, तिथं राहील. आईला रोज उघडता यायला पाहिजे म्हणून खाली चार इंच कट्टा. बायको म्हणाली मग घंगाळ पण तिथंच वर ठेवू, सोफ्याचं पुढच्या वर्षी बघू.

पुणेवाल्या भाऊ, तुमचं फायनान्सवाल्याचं वाक्य वाचून दोन दिवस राग आला होता, मग गेला. गाडी ठरली. नंदगडचा पोरगा नवीनच कामाला लागलाय, येत्या गुरुवारी पेपर करायला खानापूरला येतो म्हणालाय. काल टाकी धुऊन पुसताना त्याचाच विचार येत होता, त्याला पण कुठल्यातरी गेटवर आत घेतील. मला स्प्लेंडरचं क्लच वायर बदलायला लागेल, वर्षभर उभी आहे.

ताई, पाटी मराठीतच करणार, खाली कन्नड. अप्पांचं नाव वर.